भर दुपारची तारीख

बारा वाजायला काही मिनिटं होती तेव्हा भावना मेश्रामची नजर मनगटावर गेली. वेळ बघायची नव्हती तिला. जुलैच्या दमट हवेत पट्ट्याखाली घाम साचला होता, म्हणून तिनं घड्याळ जरा वर सरकवलं, एवढंच. तीनच्या आकड्याच्या जागी जी बारकी चौकोनी खिडकी होती, तिच्यात पंधरा नव्हते आणि सोळाही नव्हते. पंधरा अर्धे बाहेर गेलेले, सोळा अर्धे आत आलेले, आणि एकाच दारातून एकदम निघू पाहणाऱ्या दोन माणसांसारखे दोघंही मध्येच अडकून पडलेले. अठ्ठावीस वर्षं हे घड्याळ तिच्या हातावर होतं आणि अठ्ठावीस वर्षांत तारीख बदलताना तिनं एकदाही पाहिली नव्हती. कोण पाहतं? माणूस एका तारखेला झोपतो आणि दुसऱ्या तारखेला उठतो. मधला खटाटोप घड्याळ आपलं आपण उरकून घेतं. तिला आधी वाटली ती लाज. दार न वाजवता आत शिरावं आणि कुणी कपडे बदलत असावं, तसं झालं. मग लक्षात आलं की ही भर दुपार आहे आणि भर दुपारी तारीख बदलत नसते. आणि त्यापाठोपाठ हात शिक्क्याकडे गेला. सकाळपासून आपण शिक्का कोणत्या तारखेचा मारतोय?

तिनं शिक्का उलटा करून पाहिला. पंधरा. मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, तिथं आज बुधवार, सोळा. जबलपूरच्या ज्या सरकारी कार्यालयात ती आवक-जावकच्या खिडकीवर बसायची, तिथं रोज सकाळी साडेदहाला तिचं पहिलं काम ठरलेलं असे. शिक्क्याची दातेरी चकती अंगठ्यानं फिरवून आजची तारीख लावायची, रद्दी कागदावर एक ठसा मारून बघायचा आणि मगच खिडकीचं झापड वर करायचं. ही तारीख ती कॅलेंडरवरून घेत नसे, कॉम्प्युटरवरून तर नाहीच. ती घ्यायची घड्याळावरून. आणि हे घड्याळ काल दुपारी अडीचला बंद पडलं होतं. संध्याकाळी सहाला दीक्षितपुऱ्यात मुरलीधरकडून तिनं सेल बदलून घेतला. मुरलीधरचे हात आता थरथरतात, पण चाळीस वर्षं घड्याळंच दुरुस्त करतोय, त्याला कोण शिकवणार? त्यानं सहा वाजवले, पंधरा तारीख लावली आणि घड्याळ कानाशी धरून दिलं. पण घड्याळाच्या पोटात ते सकाळचे सहा आहेत की संध्याकाळचे, हे काट्यांवरून कुणाला कळणार? दोन्ही वेळेला काटे सारखेच उभे राहतात. त्यामुळे बिचाऱ्या घड्याळाची मध्यरात्र आज दुपारी होत होती. सकाळी तिनं घड्याळात पंधरा पाहिले, शिक्क्यावरही पंधरा पाहिले, आणि तिला वाटलं, काल निघताना आपणच चकती फिरवून ठेवली असेल. कधी कधी ठेवायची ती. सगळं जुळत होतं. दोन खोट्या गोष्टी एकमेकींना साक्ष देऊ लागल्या की माणूस तिसरीकडे बघतच नाही.

रजिस्टरमध्ये सकाळपासूनच्या एक्केचाळीस नोंदी होत्या. खोडणं अवघड नव्हतं. चुकीच्या तारखेवर एक रेघ, शेजारी खरी तारीख, खाली आद्याक्षरं. खात्यात याला दुरुस्ती म्हणतात आणि दुरुस्तीनं आभाळ कोसळत नाही. बहुतेक कागद असेच होते, स्मरणपत्रं, बिलं, कुणाच्या रजेचे अर्ज, ज्यांना पंधरा काय आणि सोळा काय. पण बोट खाली सरकत एकोणतिसाव्या नोंदीशी थांबलं. तुळशीराम वासनिक, शहपुरा. विषय: मुलींच्या वसतिगृहात प्रवेश, नात एकता हिच्यासाठी. वसतिगृहाच्या अर्जांची शेवटची तारीख पंधरा जुलै होती. काल.

आता तिला तो माणूस नीट आठवला. सकाळी लक्षात राहण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. साठीपुढचा, पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, पॉलिथिनच्या पिशवीत घातलेला फॉर्म. खिडकीशी आल्यावर त्यानं फॉर्म लगेच पुढे केला नाही, छातीशी धरून ठेवला. तिच्या टेबलावरची पाटी वाचली, मेश्राम, आणि हळूच म्हणाला, "जय भीम, बाई. आपल्याकडच्या दिसता." तिनं जय भीम म्हटलं आणि हात पुढे केला. तेव्हा त्यानं डोळे मिटल्यासारखे करून फॉर्म दिला. ती पानं चाळत होती, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, फोटो, आणि तो तिच्या हाताकडे एकटक बघत होता. शिक्का खाली आला तसा तो वाकला, ठसा वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा ठसा वाचला. मग त्यानं दोन्ही हात जोडून कपाळ जवळजवळ खिडकीच्या लाकडाला टेकवलं आणि म्हणाला, "लई मोठं काम केलं बाई तुमी. तुमचे लेकरंबाळं सुखी राहो." तिला तेव्हा ते जास्तच वाटलं. गावाकडची माणसं शिक्का मारला तरी पाया पडतात, असं मनाशी म्हणत तिनं पुढचा कागद ओढला होता. आता तिला कळलं. त्याला माहीत होतं. एक दिवस उशीर झालाय हे त्याला पक्कं माहीत होतं, तो नकार ऐकायलाच आला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत खिडकीतल्या बाईनं मान वर न करता कालची तारीख उठवली. तिनं ते जाणूनबुजून केलं, असं धरून तो गेला. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा नमस्कार तिला चुकीनं मिळाला होता. आणि आता तो परत कसा करायचा?

शिक्क्यांच्या तारखेशी तिचं जे वाकडं होतं ते आजचं नव्हतं. ती अठरा वर्षांची होती, बारावीला चांगले मार्क पडले होते, आणि तिला भोपाळला जाऊन डिप्लोमा करायचा होता. नकाशे, घरांचे नकाशे काढायचे होते. कॉलेजात नाव लागलं होतं. राहायला वसतिगृह मिळालं तर जायचं, नाहीतर नाही, इतका सरळ हिशोब होता. फॉर्म भरायची शेवटची तारीख वीस जुलै. तिचे बाबा, सुखराम, कारखान्यात कामगार होते आणि त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती. एक दाखला मिळायला उशीर झाला, तो हातात आला तेव्हा बाबा म्हणाले, "वीस तारीख हाय ना? पाळी सुटली का तसाच जातो." आणि ते खरंच तसेच गेले, सकाळी पाळीवरून सुटून, खाकी कपड्यांत, डोळे लाल, ऑफिस उघडेपर्यंत पायरीवर बसून. ती सायकलनं परस्पर तिथं पोचली होती आणि खिडकीच्या बाहेर उभी होती. आतला बाबू वाईट माणूस नव्हता, हे ती आजही म्हणते. त्यानं फॉर्म बघितला, तारीख बघितली आणि म्हणाला, "कल आखरी तारीख थी." बाबा हसले. त्यांना वाटलं बाबूच चुकतोय. त्यांनी खिशातून हजेरीचं कार्ड काढून दाखवलं. रात्री दहाला पाळी सुरू झाली तेव्हा त्यावर वीस पडले होते आणि पाळी संपेपर्यंत ते वीसच राहतात. बावीस वर्षं बाबांची तारीख ही अशीच चालली होती, झोपून उठेपर्यंत आदल्याच दिवसाची. "साहब, मेरा तो अभी बीस ही चालू है," ते म्हणाले. खिडकीच्या आत दोघं-तिघं हसले. कुणी खवचटपणे नाही, गंमत वाटली म्हणून. बाबूनं रजिस्टर मिटलं. परतताना बाबा तिची सायकल हातानं ढकलत चालले होते. मदन महल स्टेशनच्या जवळ आल्यावर म्हणाले, "चूक माही झाली, माय." घरी आईनं, कुसुमबाईनं, ताट वाढलं, बाबा भातात बोटं घालून तसेच बसून राहिले, रात्रभर जागलेला माणूस, पण त्या दिवशी झोपला नाही. भोपाळ मग गेलंच. ती इथंच बी.ए. झाली, परीक्षा देऊन कारकून झाली, संसार झाला, दोन मुलं झाली, काही वाईट झालं नाही. पण नवीन बांधलेल्या घरात गेली की अजूनही ती आधी खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघते, आणि मनातल्या मनात एखादी भिंत हलवून ठेवते.

नोकरी लागली तेव्हा बाबा तिला घड्याळाच्या दुकानात घेऊन गेले. तिला हवं होतं ते तिनं आधीच हेरून ठेवलं होतं. बारीक, सोनेरी, बांगडीसारखं, पांढऱ्या तबकडीवर नुसते चार ठिपके. बाबांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "तारीख कुठी हाय याच्यात?" दुकानदार म्हणाला, लेडीजमध्ये तारीख येत नाही. "मंग जेंट्स दाखवा," बाबा म्हणाले. ती रडकुंडीला आली. तो हा एवढा मोठा डबा, काळा पट्टा, पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घ्यावी लागली. दुकानाबाहेर आल्यावर ती फुरंगटून म्हणाली, "बाबा, माझ्या हातावर कसं दिसून राहिलं हे! तारीख काय कोणी घड्याळात पाहते?" बाबा थांबले. म्हणाले, "वेळ कोनीबी सांगते, माय. रस्त्यानं जानाऱ्याले इचारलं तरी सांगते. तारीख कोनी सांगत नाही. सांगते तवा ती गेलेली असते." खरं सांगायचं तर तारखेची ती खिडकी तिला आजही आवडत नाही. तीनचा आकडा खाऊन टाकते. बाकी सगळे आकडे आपापल्या जागी आणि तीनच्या जागी ठिगळ. चंद्रशेखरनं, तिच्या नवऱ्यानं, लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा बरोबर तसलंच बारीक सोनेरी घड्याळ आणलं, बिनतारखेचं. ते ती लग्नकार्यात घालते. ऑफिसात मात्र हाच डबा. माणसाची आवड एक असते आणि मनगट दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकतं, असं तिला कितीदा वाटून गेलं होतं.

"काय झालं भावनाताई? शिक्क्याकडे अशा काय बघताय?" पलीकडच्या टेबलावरून भय्यासाहेबांनी विचारलं. भय्यासाहेब बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पिढ्यान् पिढ्या जबलपुरातच राहिलेल्या घरातले. त्यांची मराठी घरातल्या जुन्या पितळी भांड्यांसारखी, घासूनपुसून ठेवलेली. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आधी आपला जुना मुद्दा वसूल करून घेतला. "मी तुम्हाला नेहमी सांगतो. घड्याळानं वेळ सांगावी आणि गप्प बसावं. आमच्या वडिलांच्या घड्याळात सेकंदकाटासुद्धा नव्हता. ही तारखेची भानगड म्हणजे स्वयंपाक्यानं दारावर पहारा द्यावा, तसं."

"ते खरं आहे हो. पण या फॉर्मचं काय करू?"

"काय करायचंय? बाकीचे चाळीस दुरुस्त करा. हा एक राहू द्या पंधराचा. अळीमिळी गुपचिळी. गरिबाचं भलं होतंय, तुमच्या खिशातलं काय जातंय?"

"रजिस्टरमध्ये अठ्ठाविसावा सोळाचा, तिसावा सोळाचा, आणि मधलाच एक पंधराचा?"

"मग तो क्रमांक कालच्या पानावर चढवा. चलो, हो गया." ते प्रेमानं म्हणाले, आणि खरंच प्रेमानं. भय्यासाहेबांचा चांगुलपणा असाच होता. तो नेहमी कुठल्या तरी पानावर काहीतरी चढवत असे. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि चूक कबूल करायला जाल तर खुलासा मागतील तुम्हाला. अठ्ठावीस वर्षांत एक मेमो नाही तुमच्या नावावर. कशाला हौस?"

तिनं पेन उचललं आणि चाळीस कागद दुरुस्त केले. एक रेघ, सोळा, भा. मे.; एक रेघ, सोळा, भा. मे. हात चालत होता आणि मन त्या एका कागदाभोवती घिरट्या घालत होतं. राहू द्यावा का? घड्याळ तरी कुठं खोटं बोललं होतं? त्याच्या हिशोबानं सकाळी पंधराच चालू होती. बाबांच्या कार्डावर वीस चालू होती तशी. त्या दिवशी खिडकीतल्या बाबूनं बाबांचे वीस मानले असते तर? या विचाराशी ती थबकली, कारण तो फार गोड होता, आणि गोड गोष्टीला मुंग्या लागतात हे तिला ठाऊक होतं. उद्या कुणी दुसऱ्या मुलीचा बाप विचारेल, माझा फॉर्म सोळाला परत केला आणि याचा कसा घेतला? चौकशी लागेल. आणि मग बाहेर काढतील ती एकताला. वसतिगृहात कपाट लावून, गादी घालून, मैत्रिणी जोडून झाल्यावर. भोपाळ न मिळणं एक, आणि मिळून हिसकावलं जाणं एक. नाही, चोरवाटेनं नाही. पण मग काय? खिडकीतून फॉर्म परत करायचा आणि म्हणायचं, कल आखरी तारीख थी? हे वाक्य ती अठ्ठावीस वर्षं म्हणत आली होती. नेमकं हेच, याच शब्दांत, आणि आवाजही न चढवता. किती जणांना म्हटलं असेल? तिला एकही चेहरा आठवेना, आणि चेहरा आठवेना याचंच तिला भयंकर वाईट वाटलं. बाबूला बाबांचा चेहरा तरी कुठं आठवत असणार.

चाळिसावा कागद बाजूला ठेवताना तिला काहीतरी आठवलं, वाक्य नव्हे, कागदाचा रंग. फिकट हिरवा. तीन वर्षांपूर्वी वसतिगृहांचं एक परिपत्रक आलं होतं, हिरव्या कागदावर छापलेलं, आणि त्या रंगामुळे शिक्क्याची शाई नीट उठत नव्हती म्हणून तिनं दोनदा ठसा मारला होता. ती उठून कपाटाशी गेली. फाईल सापडायला वीस मिनिटं लागली. कागदावर तिचा दुहेरी ठसा होता, आणि खाली सातव्या कलमात दोन ओळी होत्या, की मुदतीनंतर सात दिवसांपर्यंत आलेले अर्ज, अर्जदारानं उशिराचं कारण लेखी दिल्यास आणि ते योग्य वाटल्यास, अधिकारी दाखल करून घेऊ शकतील. ती फाईल हातात घेऊन उभीच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन वर्षं हा कागद तिच्या पाठीमागच्या कपाटात होता. तिनंच घेतला, तिनंच शिक्का मारला, दोनदा मारला, आणि वाचला नाही. आवकचं काम कागदाच्या कपाळावर तारीख उठवायचं. कागद काय म्हणतो ते वाचायचं काम वरच्यांचं. आणि वरच्यांपर्यंत अर्ज गेलाच नाही तर? तो तर खिडकीतच अडतो. बाबांच्या वेळी असं कलम होतं की नाही कोण जाणे. असेलही. त्या बाबूच्या पाठीमागच्या कपाटात, असाच, शिक्का मारलेला. तिचे डोळे भरून आले. बाबूचा राग आला म्हणून नव्हे. आपण आणि तो किती सारखे निघालो म्हणून.

फॉर्मवर मोबाइल नंबर होता. तिनं लावला. "तुळशीरामजी, मी आवक खिडकीवरची मेश्राम बोलून राहिले. तुम्ही कुठे आहात?"

पलीकडे बसस्टँडचा गलबला होता. मग आवाज आला, सकाळचा नव्हे, खचलेला. "बसमंदी बसलो बाई. काहून? काई झालं काय?"

"उतरा. परत या. फॉर्मचं काम आहे."

मग तो एवढंच म्हणाला, "येतो."

तो अर्धा तास तिला खायला उठला. डबा उघडला आणि मिटला. खिडकीतून फाटकाकडे बघताना तिला सारखं वाटत होतं की खाकी कपड्यातला एक माणूस सायकल ढकलत येईल. घड्याळात आता सोळा पुरते आत येऊन बसले होते, नवीन सुनेसारखे, जरा अवघडून. तुळशीराम आला तो चालत नव्हे, जवळजवळ पळत. खिडकीशी येऊन त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं आणि ती काही बोलायच्या आतच म्हणाला, "मले मालूम होतं बाई. मंडीत पोते उचलतो मी, पन एवढं समजते. कोनी तरी पाह्यलं असंन. तुमाले तर तरास नाही ना झाला?"

हे तिला अपेक्षित नव्हतं. नात बाजूला राहिली, आणि हा माणूस विचारतोय तुम्हाला तर त्रास नाही ना झाला. तिनं त्याला खिडकीतून आत बोलावलं, आपल्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसवलं; कुणालाही तिनं असं बसवलेलं भय्यासाहेबांना आठवत नव्हतं. "ऐका," ती म्हणाली. "सकाळी मी तुमच्यावर काही उपकार नाही केले. माझं घड्याळ चुकलं होतं. तारीख चुकीची होती, मला माहीतच नव्हतं."

त्याला समजायला वेळ लागला. चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, आणि शेवटी नुसतं म्हातारपण राहिलं. "म्हंजे तुमी जानून नव्हती लावली?"

"नाही."

"अच्छा," तो म्हणाला. मग खिशातला फोन चाचपत, "मी बसमंदी पोरीले फोन करून सांगतलं. एक बाई भेटली, तिनं आपल्यासाठी तारीख मांगं ढकलली म्हनलं. पोरगी रडली फोनवर."

भावनाला खुर्चीत नीट बसवेना. तिनं कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला, पेनचं टोपण काढून दिलं. "तारीख मागं नाही ढकलता येत. पण उशीर का झाला ते लिहून देता येते. नियम आहे तसा. लिहा, खरं असेल तेच लिहा. दाखला कधी मिळाला?"

"पंधराले. संध्याकाळी पाच वाजता. आठ दिवस चकरा मारून राहिलो होतो."

"मग तेच लिहा."

तो लिहू लागला, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक शब्दानंतर श्वास घेत. ती तिकडं आपली टिप्पणी लिहू लागली. अठ्ठावीस वर्षांत तिनं कागदावर आकडे लिहिले होते, वाक्य पहिल्यांदाच लिहीत होती. पहिल्या परिच्छेदात आपली चूक लिहिली, घड्याळ, शिक्का, एक्केचाळीस कागद, काही न लपवता. दुसऱ्यात सातवं कलम. तिसऱ्यात लिहिलं की अर्जदारास दाखला मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालयीन वेळ संपताना मिळाला, सबब विलंब क्षमा करावा अशी शिफारस आहे. शिफारस हा शब्द लिहिताना हात थांबला. आवकच्या कारकुनानं शिफारस करायची नसते. तिनं तो खोडला नाही. मग एकोणतिसाव्या नोंदीतले आणि फॉर्मवरचे पंधरा एका रेघेनं कापले, सोळा लिहिलं, आद्याक्षरं केली. तुळशीराम ते बघत होता. रेघ पडली तेव्हा त्यानं गमछ्याचं टोक मुठीत धरलं.

वरच्या मजल्यावर अधिकारी रुचिरा मॅडम बसायच्या. वयानं भावनाच्या मुलीएवढ्या, पहिलीच नेमणूक. त्यांनी टिप्पणी दोनदा वाचली. "ये गलती वाला पैरा आपने खुद लिखा है?"

"जी, मॅडम."

"कोई पूछता नहीं तो पता भी नहीं चलता."

"मुझे तो पता चल गया था," भावना म्हणाली. इतकं सरळ उत्तर आपण कुणा साहेबाला कधी दिलं होतं का, हे तिला आठवेना. मॅडम तिच्या मनगटावरच्या त्या भल्यामोठ्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सातवं कलम वाचलं, बोट ठेवून, शब्दाशब्दानं. "ये नियम हमारे यहाँ पड़ा है? तो आज तक ऐसा एक भी आवेदन मेरे पास क्यों नहीं आया?" त्याचं उत्तर भावनापाशी होतं आणि मॅडमना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पेन उचलून समासात लिहिलं, विलंब क्षमा, दाखल करा, आणि सही केली. मग म्हणाल्या, तुमच्या चुकीचा खुलासा मात्र दोन ओळी वेगळा लिहून द्या, फाईलला लागेल. मेमो नव्हे, पण मेमोचा चुलतभाऊ. जिना उतरताना भावनाला वाटलं, वाईट वाटायला हवं. वाटलं ते हलकं.

तुळशीराम खुर्चीच्या कडेवर बसला होता. तिनं समासातली ओळ त्याला वाचून दाखवली, सही दाखवली, आणि मग त्याच्यासमोर फॉर्मवर शिक्का मारला. सोळा जुलै, ठसठशीत. "सकाळी चुकून घेतला होता," ती म्हणाली. "आता जाणूनबुजून घेऊन राहिले. पोरीला हे सांगा. आणि यादी पंचवीस तारखेला लागते. पंचवीसला या, सव्वीसला नका येऊ."

या वेळी तो वाकला नाही. ताठ उभा राहिला, छातीशी हात नेऊन जय भीम म्हणाला, बरोबरीच्या माणसाला म्हणावं तसं, आणि तिला तो जय भीम सकाळच्या नमस्कारापेक्षा कितीतरी मोठा वाटला. जाता जाता तिच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाला, "ते घड्याळ दुरुस्त करून घ्या बाई."

"घेते," ती म्हणाली. पण आज नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. दोन दिवस राहू दे. तारीख कॅलेंडरवरून लावू. उद्या बारा वाजता काम बाजूला ठेवून पुन्हा एकदा बघायचंय, सतरा कसे येतात ते. बाबा असते तर त्यांना दाखवलं असतं. म्हटलं असतं, बाबा, तुमची पाळी माझ्या घड्याळात लागली आहे. ते हसले असते, नक्की हसले असते. आणि ते हसू कसं असतं हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सायकल, पायरी आणि लाल डोळे यांच्याशिवाय आठवलं.

खिडकीवर कुणीतरी टकटक केलं. ओली छत्री काखेत धरून एक बाई उभी होती, मागे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. बाईच्या हातात वसतिगृहाचाच फॉर्म होता. भय्यासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. भावनानं फॉर्म घेतला, चाळला, आणि तिच्या तोंडून नेहमीचं वाक्य नेहमीच्याच आवाजात आलं.

"कल आखरी तारीख थी."

बाईचा चेहरा पडला. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि वळू लागली.

"अरे, जा कहाँ रही हैं?" भावना म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "बात तो पूरी सुनिए. अंदर आइए, बैठिए. एक कागज़ और लिखना पड़ेगा."